बॉक्सवर ‘मूळ पार्श्वसंगीतासह’ आणि डिस्कवर दुसरेच संगीत

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: मूकपटांच्या ब्लू-रे संचातील पार्श्वसंगीताबाबत तक्रार आणि डिस्क बदलून देण्याची मागणी

महोदय/महोदया,

आपण काढलेला मूकपटांचा ब्लू-रे संच मी घेतला तो ‘मेट्रोपोलिस’ या 1927 च्या जर्मन मूकपटासाठी, आणि तोही बॉक्सवर ‘मूळ पार्श्वसंगीतासह’ असे ठळक छापले होते म्हणून. डिस्क लावल्यावर सुरुवातीपासून सिंथेसायझर आणि ड्रम मशीन ऐकू आले. शेवटपर्यंत तेच. या चित्रपटाचे मूळ संगीतकार गॉटफ्रीड हुपर्ट्झ यांनी वाद्यवृंदासाठी रचलेल्या संगीताचा एक सूरही या डिस्कवर नाही. मेनूमध्ये दुसरा ऑडिओ ट्रॅक नाही. जे वाजते ते कोणी रचले, याचा उल्लेख बॉक्सवर नाही, माहितीपुस्तिकेतही नाही.

मी हे कळवले तेव्हा आपल्याकडून उत्तर आले की डिस्क नीट चालते आहे, त्यामुळे ती बदलून देता येणार नाही. शिवाय मूकपटांना स्वतःचे असे संगीत नसतेच, असेही त्यात लिहिले होते. हे दुसरे वाक्य मला फार लागले. ज्या कंपनीचा व्यवसायच जुने चित्रपट घराघरांत पोहोचवण्याचा आहे, तिने हे लिहावे?

‘मेट्रोपोलिस’ला स्वतःचे संगीत आहे. 10 जानेवारी 1927 रोजी बर्लिनला पहिला खेळ झाला तेव्हा पडद्यासमोर वाद्यवृंदाने तेच वाजवले होते. पुढे वितरकांनी चित्रपटाची काटछाट केली, रिळे हरवली, प्रसंगांचा क्रम विस्कटला. हुपर्ट्झ यांची स्वरलिपी मात्र टिकली. कोणत्या प्रसंगाला कोणती सुरावट, पडद्यावरच्या मजकुराच्या कुठल्या पाटीनंतर काय वाजायचे, अशा हजारावर सूचना तिच्यात आहेत. 2008 मध्ये ब्युनॉस आयर्सला 16 मिमीची लांब प्रत सापडली. तिच्यातले तुकडे जागच्या जागी बसवून 2010 मध्ये चित्रपट पुन्हा उभा राहिला, त्या कामी ही स्वरलिपी हाताशी होती. ज्या संगीतामुळे प्रसंगांचा क्रम लागला, तेच आपण काढून टाकलेत.

त्याने काय बिघडले ते सांगते. कामगार बंड करून उठतात तिथे हुपर्ट्झ ‘मार्सेयेज’ या फ्रेंच राष्ट्रगीताचे सूर आणतात, मृत्यूची सावली पडते तिथे ‘दिएस इरे’ या मृतांसाठीच्या लॅटिन स्तोत्राची जुनी धून. आपल्या डिस्कवर पाळी बदलताना मान खाली घालून चालणारे कामगार, भुयारात बोलणारी नायिका मारिया आणि पुराच्या पाण्यात अडकलेली मुले, या सगळ्यांना एकच ठेका आहे. पाणी चढत जाते, मुले मारियाकडे धावतात, आणि नेमक्या त्या क्षणी संगीताचा तुकडा संपून पहिल्यापासून सुरू होतो. ते पाहताना मला राग आला, आणि वाईटही वाटले.

नव्या संगीताला माझा विरोध नाही. 1984 मध्ये इटालियन संगीतकार जॉर्जिओ मोरोडर यांनी याच चित्रपटाला पॉप गाणी आणि सिंथेसायझर लावले. ते कोणाला आवडो न आवडो, त्यांनी स्वतःच्या नावाने लावले. डॅनिश दिग्दर्शक ड्रायर यांच्या जोन ऑफ आर्कवरच्या 1928 च्या मूकपटासोबत संगीतकार रिचर्ड आइनहॉर्न यांची 1994 ची ‘व्हॉइसेस ऑफ लाइट’ ही रचना ऐकायला मिळते, आणि मला ती अतिशय आवडते. तिला कोणी मूळ संगीत म्हणत नाही. माझी तक्रार खोट्या लेबलाबद्दल आहे.

आणखी एक. याच संचातली ‘सिटी लाइट्स’ची प्रत सेकंदाला 25 फ्रेम या वेगाने धावते. मूळ वेग 24 आहे. 1931 च्या या चित्रपटाचे संगीत चॅप्लिन यांनी स्वतः रचून फिल्मवरच ध्वनिमुद्रित केले, त्यामुळे वेग वाढला की स्वरही चढतो. वेग सुमारे 4 टक्के वाढला की स्वर चढतो तो पेटीवर लगतच्या पट्टीपर्यंत जेवढे अंतर, त्याचा जवळजवळ पाऊण भाग. ज्याला हे संगीत पाठ आहे त्याला ते लगेच खटकते. 25 फ्रेमच्या वेगाने चालणाऱ्या जुन्या डीव्हीडीसाठी केलेली प्रतच ब्लू-रेवर चढवली असावी, असा माझा समज आहे. तसे नसेल तर खुलासा करावा. ब्लू-रेला 24 चा वेग चालतो, मग ही तडजोड कशासाठी?

जागेचे कारणही पटणार नाही. दोन थरांच्या ब्लू-रेवर 50 गिगाबाइट मावतात. त्यात मूळ संगीत आणि नवे संगीत असे दोन्ही ट्रॅक, तेही ध्वनीचा दर्जा कमी न करता, सहज बसतात. मग ज्याला जे हवे ते त्याने लावावे.

म्हणून माझी मागणी अशी: ‘मेट्रोपोलिस’ हुपर्ट्झ यांच्या संगीतासह आणि ‘सिटी लाइट्स’ योग्य वेगात, अशा दोन्ही डिस्क बदलून द्याव्यात. ते जमत नसेल तर पूर्ण संच परत घेऊन सगळे पैसे द्यावेत. एका डिस्कपुरती सूट मला नको. बाजारात शिल्लक असलेल्या संचांवरचे ‘मूळ पार्श्वसंगीतासह’ हे शब्द झाकावेत. यापुढे प्रत्येक मूकपटाच्या बॉक्सवर संगीतकाराचे नाव, रचनेचे वर्ष आणि वाद्यवृंदाचे नाव छापावे. आता डिस्कवर जे संगीत आहे त्याच्या रचनाकाराचे नावही जाहीर करावे, कारण काम त्यानेही केले आहे.

खरेदीची पावती, बॉक्सच्या मागच्या बाजूचे छायाचित्र आणि आपल्या आधीच्या उत्तराची प्रत सोबत जोडली आहे. उत्तर लेखी द्यावे, आणि ते ज्याने दोन्ही डिस्क लावून ऐकल्या आहेत अशा माणसाकडून यावे, ही विनंती.

आपली,
एक ग्राहक