चि. मृणाल हिस, धाकट्याविषयी

नागपूर,
१२ जुलै

चि. मृणाल हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी तू फोन मध्येच ठेवलास, त्यानंतर मी पुन्हा लावला नाही. त्यामागे राग नाही. फोनवर माझे तोंड माझ्या ताब्यात राहत नाही, म्हणून जे सांगायचे ते कागदावर लिहावे, असे तुझ्या आईने सुचवले आणि मला ते पटले. तुझ्या अल्पाकाच्या, म्हणजे उंटाच्या कुळातल्या त्या लोकरीच्या जनावराच्या, जुळ्या पिल्लांविषयी ‘धाकट्याचा फारसा भरवसा धरू नकोस’ हे वाक्य मी बोलायला नको होते. इतकी वर्षे पशुधन पर्यवेक्षक म्हणून गावोगावी फिरलो, तेव्हा कोठ्याच्या दारातच शेतकऱ्याला हे वाक्य ऐकवून ठेवायचे, म्हणजे पुढे काही बरेवाईट झाले तर तो आपल्याला दोष देत नाही, ही आम्हा लोकांची जुनी युक्ती होती. ती मी स्वतःच्या मुलीवर वापरली, याचे मला वाईट वाटते.

तू पाठवलेले वहीच्या पानाचे छायाचित्र मी मोठे करून तीन वेळा वाचले. थोरली ५.४ किलो आणि धाकटा ३.६ किलो, एरवी अल्पाकाचे पिल्लू सहा ते आठ किलोंचे असते, म्हणजे धाकटा जेमतेम निम्मा. कान दुमडलेले, खालचे दात हिरडीतून वर आलेले नाहीत, ही अपुऱ्या दिवसांची लक्षणे तू नेमकी टिपली आहेस. आपल्या बेरारी बकऱ्या पाच महिन्यांत मोकळ्या होतात आणि एकच करडू झाले तर आजी तोंड वाकडे करते. तिला मी सांगितले, की हे जनावर साडेअकरा महिने गाभण राहते, त्यात जुळे क्वचितच राहते आणि राहिले तरी दोन्ही जिवंत हाती लागणे त्याहून दुर्मीळ. यावर ती म्हणाली, ‘मग मृणालच्या हाताला यश आहे.’ मी काही बोललो नाही, पण रात्री जेवताना हे वाक्य तुझ्या आईला पुन्हा सांगितले.

पहिल्या रात्री तू जे केलेस, त्यात मला एकही चूक काढता आली नाही, आणि मी शोधली नाही असे नाही. गार पडलेल्या पिल्लाच्या तोंडात दूध घालण्याची घाई न करता तू आधी त्याला ऊब दिलीस. चोवीस तासांत वजनाच्या दहा टक्के, म्हणजे ३६० मिली चीक, दर दोन ते तीन तासांनी थोडा थोडा पाजलास, आणि आईचा चीक दोघांना पुरेना तेव्हा शेजारच्या शेतावरून बकरीचा गोठवलेला चीक आणलास. शेवटी बकरीच कामी आली, हे मी इथे सर्वांना सांगितले आहे. आईच्या पोटात असताना या पिल्लांना रोगाशी लढण्याची शक्ती मिळत नाही, ती सगळी चिकातूनच यायची असते. म्हणून दुसऱ्या दिवशी रक्त तपासून तिथल्या डॉक्टरांकडून मोठ्या अल्पाकाच्या रक्तातला प्लाझ्मा चढवून घेतलास, हेही योग्यच झाले. असे काही मी नोकरीत कधी पाहिले नव्हते. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तुला पोचवायला आलो, तेव्हा फाटकावरच्या शिपायाने मला ‘डॉक्टरसाहेब’ म्हटले होते आणि मी ते दुरुस्त केले नव्हते, ते आठवले.

आता मुद्द्यावर येतो. छायाचित्रात धाकटा स्वयंपाकघरात, शेगडीसमोर, तुझ्या मांडीवर दिसतो. आईने विणलेला लाल स्वेटर कापून त्याला घातलेला आहे. (आईला आधी राग आला, मग तिने ते छायाचित्र दोन्ही मावश्यांना पाठवले.) ऑस्ट्रेलियातल्या तुमच्या बॅलरॅटच्या थंडीत, पारा दोन-तीन अंशांवर असताना, पहिल्या दोन रात्री त्याला घरात घेणे भागच होते. परंतु आज तो नऊ दिवसांचा आहे. त्याला दिवसा आईजवळ आणि कळपात ठेव, बाटली बाहेर जाऊन पाज, आणि पाजून झाले की उठून ये. बकरी आपले करडू चाटून चाटून कोरडे करते. अल्पाकाची जीभ तेवढी बाहेर येतच नाही, ती नुसती गुणगुणून पिल्लाला ओळख देते, असे तूच सांगितलेस. मग ते गुणगुणणे त्याने ऐकायला नको का? थोरली मादी आहे आणि आईला पिते, तिची मला काळजी नाही. धाकटा नर आहे. बाटलीवर, माणसाच्या मांडीवर वाढलेला नर माणसालाच आपल्या जातीचा समजतो, आणि वयात आला की साठ-सत्तर किलोंचे ते धूड माणसालाच प्रतिस्पर्धी मानून छातीने धडक देते. हे तू शिकलेली आहेस. मी तुला शिकवत बसलो आहे. क्षमा कर.

तू रविवारी म्हणालीस, ‘बाबा, तुम्ही यालाही काटोलला पाठवाल.’ सोळा वर्षांत तू काटोलचा विषय काढला नव्हतास, म्हणून मला वाटत होते की तू ते विसरलीस किंवा तुला ते खरेच वाटले. २००९ साली तू सहावीत होतीस. बाळ्या करडाची आई मेली, त्याला तू बाटलीवर वाढवलेस, दप्तराशेजारी झोपवलेस, आणि मला त्याचे कौतुक होते. शेकडो गोऱ्हे मी बर्डिझो चिमट्याने खच्ची केले असतील. बाळ्याची वेळ आली तेव्हा तू रडलीस आणि मी चिमटा पेटीत ठेवून दिला. त्यानंतर आजीचे जे झाले ते झाले. तू शाळेत असताना मी त्याला बाजारात नेले. चुकी बोकडाची नव्हती, तुझीही नव्हती. चिमटा पेटीत ठेवणारा मी होतो, आणि संध्याकाळी काटोलची गोष्ट रचून सांगणाराही मीच होतो. त्या दिवशी तू जेवली नाहीस, तेव्हाच मला कळायला हवे होते.

म्हणून मी धाकट्याला मांडीवर घेऊ नकोस म्हणतो. पुन्हा तेच लिहिले, नाही का? परीक्षेचे विचारणार नाही असे ठरवले होते, तेवढे तरी पाळले आहे.

इथे पाऊस चांगला झाला. कळमेश्वरच्या वावरात सोयाबीन वर आले आहे. तांबडी बकरी येत्या आठवड्यात मोकळी होईल, जुळेच दिसते. धाकट्याचे वजन रोज त्याच वेळी, पाजण्याआधी घे आणि मला कळव. सकाळी तो आकडा आल्याशिवाय मी वावरात जात नाही, हे आईने तुला सांगितलेच असेल. तिकडे हिवाळ्यात ऊन कमी, त्यामुळे ड जीवनसत्त्वाचे डॉक्टरांना विचारून ठेव. ऊन पडेल तेव्हा त्याला बाहेर काढ. त्या निमित्ताने कळपातही राहील.

तुझे,
बाबा

ता. क. – आजीचे मनगट पावसाळ्यात अजून दुखते. हे तुला घाबरवण्यासाठी लिहिलेले नाही. धाकटा ढुशी मारतो का, असे तिनेच विचारायला सांगितले आहे.