इम्प्लांटचा ‘सरफेस’ कुठला, ते रुग्णाला लिहून द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांत मी ३४ वर्षं डाईंग मास्टर म्हणून काम केलं. दातांच्या विषयावर लिहायला बसलो, कारण माझ्या खालच्या जबड्यातला एक इम्प्लांट (दाताच्या जागी हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू) गेला आणि दुसरा टिकला. मधल्या वर्षभरात जे कळलं, ते मला पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगायला हवं होतं.

पहिल्या वेळी स्क्रू घातला त्याच दिवशी वर तात्पुरती दाढ चढवली. आठवड्यात सूज उतरली, दुखायचं थांबलं. “आता काही पथ्य नाही,” असं सांगितलं गेलं. आमच्या घरी जेवण म्हणजे कडक भाकरी आणि शेंगाचटणी. चौथ्या आठवड्यात दाढ जिभेला हलताना लागली आणि पुढे स्क्रू काढावाच लागला. दुसऱ्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “कुठल्या कंपनीचा होता? सरफेस कुठला?” माझ्याकडे फक्त पैशांची पावती होती. तिच्यावर ‘इम्प्लांट, नग १’ एवढंच. त्यामुळे तो का गेला, हे त्यांनाही छातीठोकपणे सांगता आलं नाही.

सरफेसचं, म्हणजे वरच्या अंगाचं, महत्त्व मला नवीन नव्हतं. मागावरून उतरलेला ग्रे, म्हणजे धुलाई-रंगाई न झालेला कोरा, टॉवेल पाण्यात टाकून बघा, तरंगतो. सुतावर खळ असते, कापसाचं स्वतःचं मेण असतं. कॉस्टिकमध्ये उकळून काढल्याशिवाय तो पाणी पीत नाही, आणि जे कापड पाणी पीत नाही त्यावर रंग बसत नाही. सूत तेच, फरक सगळा वरच्या थराचा. स्क्रूचंही तसंच.

स्वीडनचे संशोधक ब्रेनेमार्क यांना १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडात बसवलेलं टायटॅनियम निघेना, हाड त्याला धरून बसलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी माणसाच्या जबड्यात आपले पहिले इम्प्लांट बसवले. ते त्या रुग्णाला चाळीस वर्षं, मरेपर्यंत पुरले. तेव्हाचे स्क्रू लेथवर कातलेले, जवळजवळ गुळगुळीत. म्हणजे गुळगुळीत स्क्रूही टिकतो, पण त्याला वेळ द्यावा लागतो. खालच्या जबड्यात तीन महिने आणि वरच्यात सहा महिने दात न चढवता थांबायचं, असा तेव्हाचा नेम होता.

पुढे स्क्रूवर अल्युमिनाच्या कणांचा मारा करून तो गरम आम्लात बुडवायची रीत आली. त्याने मोठ्या खड्ड्यांत बारीक खड्डे पडतात. जखमेतलं रक्त गोठतं तेव्हा त्याचे तंतू या खडबडीत अंगाला धरून राहतात. हाड घडवणाऱ्या पेशी त्या तंतूंवरून थेट स्क्रूपर्यंत पोचतात आणि तिथूनच हाड विणायला घेतात. अंग गुळगुळीत असेल तर गुठळी आकसताना सुटते, मग हाडाला जबड्याच्या बाजूने हळूहळू सरकत यावं लागतं. म्हणून आता चांगल्या हाडात सहा ते आठ आठवडेही पुरतात. टायटॅनियम उघड्यावर राहिलं की हवेतले कार्बनचे अंश त्यावर बसतात आणि ते पाणी झिडकारू लागतं, म्हणून काही कंपन्या स्क्रू मिठाच्या पाण्यात बंद करून पाठवतात. हे ऐकताना मला माझा ग्रे टॉवेलच डोळ्यांपुढे आला. खडबडीतपणालाही मर्यादा हवी. एक ते दोन मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बरा मानतात. फार खरबरीत अंग हिरडी उतरून उघडं पडलं, तर त्यावर कीटण धरतं आणि हाड झिजू लागतं.

सगळ्यात महत्त्वाचं कळलं ते असं. स्क्रू पहिल्या दिवशी घट्ट बसतो तो फक्त आट्यांच्या पकडीने. नंतर भोवतीचं दुखावलेलं हाड विरघळतं आणि नवं भरायचं असतं. त्यामुळे साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पकड सगळ्यात ढिली असते. दुखणं मात्र तेव्हा थांबलेलं असतं. मी नेमका त्याच दिवसांत कडक भाकरी चावत होतो. तंबाखू खाणाऱ्याला आणि साखर ताब्यात नसलेल्याला तर याहून जपावं लागतं.

‘तीन दिवसांत पक्के दात’ असे फलक शहरात दिसतात. त्यात बहुधा वेगळ्या जातीचे, गुळगुळीत अंगाचे लांब स्क्रू जबड्याच्या हाडाच्या बाहेरच्या टणक थरात रोवतात. ती पद्धत वेगळी, तिचा हिशोब वेगळा. पण आपल्याला त्यातलं काय बसवलं जाणार आहे, हे खुर्चीत बसलेल्या माणसाला कळायला नको का?

सोलापुरातल्या दंतवैद्यांना माझी विनंती आहे. इम्प्लांटच्या पाकिटावर लॉट नंबरचं सुटं होणारं लेबल असतं, ते रुग्णाच्या कागदावर चिकटवून द्या. कंपनी, सरफेस, कुठल्या दाताच्या जागी बसवला, आणि किती आठवडे त्या बाजूने चावायचं नाही, हे मराठीत लिहून द्या. पाच ओळींचं काम आहे.

दुसऱ्या वेळी मी दहा आठवडे भाकरी दुधात कुस्करून खाल्ली, मगच वर दाढ चढली. ते लेबल मी रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवलं आहे, आणि ते कुठे आहे हे घरात सुनेलाही सांगून ठेवलं आहे.

आपला,
एक निवृत्त डाईंग मास्टर,
अशोक चौक, सोलापूर