सईच्या डी.ओ. प्रवेशाबद्दल

लॅन्सिंग, मिशिगन
१५ फेब्रुवारी २०२६

प्रिय शेखर,

सईला दोन डी.ओ. (डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन) कॉलेजांत जागा मिळाली हे वाचून आनंद झाला. पुढच्याच ओळीत "पण हे खरे डॉक्टर असतात ना रे?" हे वाचून हसू आलं. फोनवर हे सगळं नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहायलाच बसलो.

आधी घरचा गोंधळ निस्तरू. सांगलीत काकूंना शेजारच्यांनी "डी.ओ. म्हणजे डोळ्यांचा डिप्लोमा" असं सांगितलं, ते तिथल्या हिशेबाने बरोबरच आहे. आपल्याकडे डोळ्यांच्या डॉक्टरच्या पाटीवर ही अक्षरं असायचीच. लंडनचा तुझा भाचा म्हणाला, ऑस्टिओपॅथ म्हणजे पाठ-मान मोकळी करून देणारा. तोही खोटं बोलत नाही. ब्रिटनमध्ये १९९३ च्या कायद्याने ऑस्टिओपॅथची वेगळी नोंदणी होते, पण ती नोंदणी म्हणजे डॉक्टरकी नव्हे. अमेरिकेतली डी.ओ. ही मात्र तिसरीच गोष्ट. इथे डी.ओ. झालेला माणूस पन्नासही राज्यांत पूर्ण परवानाधारक डॉक्टर असतो. औषधं लिहितो, भूल देतो, मेंदूची शस्त्रक्रिया करतो. व्हाइट हाउसचे लागोपाठ तीन डॉक्टर डी.ओ. आहेत: ट्रम्प यांचे शॉन कॉन्ली, बायडन यांचे केव्हिन ओकॉनर आणि आताचे शॉन बार्बाबेला. २०२० मध्ये ट्रम्पना कोविड झाला तेव्हा कॉन्लींच्या पदवीची टीव्हीवर टिंगल झाली. त्यांनी माहिती लपवली की नाही हा रास्त प्रश्न होता, पण त्याचा पदवीशी काय संबंध?

आणि एम.डी.चं म्हणशील, तर तिथेही आपले लोक फसतात. आपल्याकडे एम.डी. ही एमबीबीएसनंतरची, इथे ती पहिलीच पदवी. आपल्याकडून एमबीबीएस करून आलेले डॉक्टर इथली रेसिडेन्सी (पदवीनंतरचं रुग्णालयातलं प्रशिक्षण) आणि परवाना झाला की नावापुढे सर्रास एम.डी. लावतात. न्यूयॉर्क राज्यात तर परवानाधारक एमबीबीएसला अर्ज केल्यावर राज्यच एम.डी. बहाल करतं. महाराष्ट्र मंडळात डी.ओ. म्हटल्यावर नाक मुरडणाऱ्या काकांना हे हळूच विचारून बघ, म्हणजे अक्षरांचा तोरा जरा उतरेल.

मुळात ही दुसरी वाट निघाली कशी, तेही सांगतो, कारण डॉक्टरांच्या मनातली अढी तिथूनच आली आहे. अँड्र्यू टेलर स्टिल हा मिसुरीचा डॉक्टर. १८६४ मध्ये त्याची तीन मुलं मेंदूज्वराने गेली. त्या काळची औषधं म्हणजे पारा, जुलाब आणि रक्त काढणं. त्यांवरचा त्याचा विश्वास उडाला आणि हाडं, स्नायू, रक्तप्रवाह नीट केला की शरीर स्वतःला बरं करतं, असं तो मांडू लागला. १८९२ मध्ये कर्क्सव्हिलला त्याने कॉलेज काढलं. गंमत म्हणजे सरकारी सनदेप्रमाणे त्याला एम.डी. पदवी देता आली असती. त्याने मुद्दाम डी.ओ. दिली. आज सईला जी दोन अक्षरं समजावून सांगावी लागणार आहेत ती त्या हट्टापायी.

पुढे औषधशास्त्र सुधारलं तसं डी.ओ. कॉलेजांनी ते सगळं अभ्यासक्रमात घेतलं, पण अमेरिकन मेडिकल असोसिएशनचा (ए.एम.ए.) बहिष्कार काही सुटला नाही. डी.ओ.बरोबर व्यवसाय करणं हे त्यांच्या नियमात नीतिबाह्य होतं. या वादाचा सगळ्यात नमुनेदार प्रसंग कॅलिफोर्नियातला. १९६२ मध्ये तिथल्या दोन्ही संघटना एकत्र झाल्या, डी.ओ. कॉलेज एम.डी. कॉलेज बनलं (आजचं अर्व्हाइनचं मेडिकल स्कूल ते हेच), आणि दोन हजारांवर डी.ओ. डॉक्टरांना ६५ डॉलर भरून एम.डी. पदवी मिळाली. शिक्षण तेच, रुग्ण तेच, सोमवारी डी.ओ. आणि मंगळवारी एम.डी. त्याच वर्षी मतदानाने नव्या डी.ओ.ना परवाने देणं बंद झालं. १९७४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी उठवली. काल ज्यांना ६५ डॉलरांत एम.डी. केलं ते डॉक्टर म्हणून चालतात, तर त्याच शिक्षणाच्या नव्या माणसाला परवाना नाकारायचा कशाच्या आधारावर? मला विचारशील तर पदव्यांची किंमत नेमकी किती, याचा सरकारदरबारी नोंदलेला भाव म्हणजे ते ६५ डॉलर. तोवर बाकीची दारंही उघडली होती. १९६६ मध्ये लष्कराने डी.ओ. डॉक्टर घ्यायला सुरुवात केली, १९६९ मध्ये ए.एम.ए.ने सदस्यत्व दिलं, आणि १९७३ मध्ये डी.ओ.ना पूर्ण परवाना देणाऱ्यांत शेवटचं राज्य मिसिसिपीही आलं.

आता आजचं. वॉर्डात कोणी कोणाची अक्षरं वाचत नाही. रात्री दोनला रुग्णाचा रक्तदाब पडला तर नर्स विचारते "डॉक्टर कुठे आहेत?", बस. विमा कंपनी, औषध दुकानदार, न्यायालय, कोणालाच फरक नाही. पगारातही पदवीमुळे फरक पडत नाही, तो विषय आणि गाव यांवर ठरतो. अढी उरली आहे ती दोन ठिकाणी: मेडिकलला जायच्या तयारीतल्या मुलांमध्ये, जिथे एम.डी. न मिळाल्याचं दुःख ताजं असतं, आणि रेसिडेन्सीच्या निवडीत. पहिलीकडे सईने दुर्लक्ष करावं. दुसरी मात्र खरी आहे, म्हणून तिच्यावर सविस्तर लिहितो.

२०२० पासून दोन्ही पदव्यांच्या रेसिडेन्सीला एकच मान्यता आहे. २०२५ च्या मॅचमध्ये (रेसिडेन्सीच्या जागा वाटण्याची देशभरची वार्षिक प्रक्रिया) एम.डी.च्या शेवटच्या वर्षातल्या मुलांपैकी साडेत्र्याण्णव टक्क्यांना जागा मिळाली, डी.ओ.च्या साडेब्याण्णव टक्क्यांना. हे आकडे बघून निर्धास्त होऊ नकोस, कारण ते सगळे विषय एकत्र धरून आहेत. फॅमिली मेडिसिन, इंटर्नल मेडिसिन, बालरोग, मानसोपचार, इमर्जन्सी यांत डी.ओ.ला अडचण नाही. न्यूरोसर्जरी, प्लास्टिक सर्जरी, त्वचारोग, कान-नाक-घसा इथे अजून दार जड आहे. काही नामांकित विद्यापीठांत इंटर्नल मेडिसिनलाही डी.ओ. फारसे दिसत नाहीत.

दार जड होतं ते असं. रेसिडेन्सीच्या एकेका प्रोग्रॅमकडे जागा वीस आणि अर्ज हजारांनी. सगळे वाचणं शक्य नसतं, म्हणून संगणकावर चाळणी लावतात: यू.एस.एम.एल.ई.चे (एम.डी.च्या मुलांची परवाना परीक्षा) गुण अमुक, कॉलेजचा प्रकार तमुक. डी.ओ.च्या मुलांची परीक्षा वेगळी, तिचं नाव कॉमलेक्स. तिचे गुण यू.एस.एम.एल.ई.च्या मापात नसतात आणि एम.डी. प्राध्यापकांना ते वाचायची सवय नसते. त्यामुळे गुणांच्या रकान्यात काहीच दिसलं नाही की अर्ज चाळणीतून खाली पडतो. मनात आकस असलाच पाहिजे असं नाही, आळस पुरतो.

म्हणून सईने काय करायचं? कॉमलेक्स तर द्यावीच लागते, त्याशिवाय डी.ओ. पदवी नाही. त्याबरोबर यू.एस.एम.एल.ई.ची स्टेप २ तिने द्यावीच असं माझं स्पष्ट मत आहे. स्टेप १ आणि कॉमलेक्सची पहिली पातळी दोन्ही २०२२ पासून फक्त पास-नापास आहेत, त्यामुळे आता गुणांचा सगळा भार स्टेप २ वर आला आहे. सरासरी २५० च्या आसपास असते. शस्त्रक्रियेच्या विषयांकडे कल असेल तर स्टेप १ सुद्धा द्यावी. ती आणि कॉमलेक्सची पहिली पातळी दुसऱ्या वर्षाच्या शेवटी दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने द्यायच्या, म्हणजे अभ्यास एकदाच होतो. आधी यू.एस.एम.एल.ई., मग मधल्या दिवसांत फक्त ऑस्टिओपॅथीचा भाग घोटून कॉमलेक्स. खर्च प्रत्येक परीक्षेला सातशे डॉलरच्या घरात. मात्र सरावाच्या चाचण्या हेलकावे खात असतील तर तारीख पुढे ढकलावी. न दिलेली परीक्षा माफ होते, नापासाचा शेरा पुसला जात नाही.

ऑस्टिओपॅथीचा भाग म्हणजे काय, हे तू विचारलंस. चार वर्षांत साधारण दोनशे तास हाताने तपासणं आणि उपचार करणं शिकवतात, बहुतेक पहिल्या दोन वर्षांत. उदाहरणार्थ, आखडलेली मान जिथे अडते तिथपर्यंत न्यायची, रुग्णाला तीन ते पाच सेकंद उलट दिशेने हलकेच जोर लावायला सांगायचं, आपण तो जोर रोखायचा, मग सैल सोडून मान थोडी पुढे न्यायची. असं तीन ते पाच वेळा. दुसऱ्या एका पद्धतीत दुखरा बिंदू शोधून दुखणं कमी होईल अशा स्थितीत अंग ९० सेकंद धरून ठेवतात. कंबरदुखीवर याचा उपयोग होतो. १९९९ मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या तुलनेत नेहमीच्या उपचारांइतकाच गुण आला आणि औषधं कमी लागली. पण याच अभ्यासक्रमात कवटीची हाडं तालात हलतात आणि ती हाताला जाणवतात, असंही शिकवतात. दोन परीक्षकांना एकाच डोक्यावर एकच ताल सापडत नाही. अपेंडिक्सचा त्रास दाखवणारा बिंदू उजव्या बाराव्या बरगडीच्या टोकाशी असतो, हेही परीक्षेपुरतं पाठ करावं लागतं. सईला याचा राग येईल. येऊ दे, पण पाठ करू दे. पुढे बहुतेक डी.ओ. हे फारसं वापरत नाहीत. २००१ च्या एका पाहणीत निम्म्याहून जास्त जणांनी शंभरात पाचहून कमी रुग्णांवर वापरतो असं सांगितलं होतं. या बाबतीत एम.डी. मंडळींची टीका मला पटते, आणि बऱ्याच डी.ओ. मित्रांनाही पटते.

माझी खरी काळजी वेगळी आहे. बऱ्याच डी.ओ. कॉलेजांना स्वतःचं रुग्णालय नाही. तिसऱ्या वर्षी मुलांना लांबलांबच्या छोट्या रुग्णालयांत किंवा एकेका डॉक्टरच्या दवाखान्यात पाठवतात. तिथे रेसिडेंट नसतात, सकाळचा राउंड नसतो, प्रवेशाच्या नोंदी लिहायला कोणी लावत नाही, मुलगी नुसती मागे उभी राहते. मग पहिल्या वर्षीची रेसिडेंट म्हणून आली की दहा रुग्ण एकदम सांभाळताना तिची तारांबळ उडते, आणि बघणारे म्हणतात "डी.ओ. ना!" दोष पदवीचा नसतो, त्या तिसऱ्या वर्षाचा असतो. म्हणून कॉलेजला विचारायचे प्रश्न असे: मेडिसिन, सर्जरी, बालरोग, स्त्रीरोग, मानसोपचार, फॅमिली मेडिसिन या सहा रोटेशन (विषयवार रुग्णालयातल्या पाळ्या) नेमक्या कुठल्या रुग्णालयांत होतात? तिथे त्या विषयाची रेसिडेन्सी आहे का? जागा चिठ्ठीने मिळते की निवडता येते? दर काही महिन्यांनी घर बदलावं लागतं का? आणि "९९ टक्के प्लेसमेंट" असं कोणी सांगितलं तर विचार, पहिल्याच मॅचमध्ये किती, उरलेल्या जागांच्या धावपळीत किती, आणि एका वर्षाच्या तात्पुरत्या जागा त्यात धरल्यात का. पहिल्या वर्षाला किती मुलं होती आणि त्यांतली किती वेळेवर पदवीला पोचली, हा आकडा तर हट्टाने मागा.

चौथ्या वर्षी जुलै ते ऑक्टोबरमध्ये आवडीच्या प्रोग्रॅममध्ये चार-चार आठवड्यांच्या पाहुण्या रोटेशन कराव्यात. समोर काम करताना पाहिलेल्या मुलीला चाळणी लागत नाही. डी.ओ.साठी हा सगळ्यात भरवशाचा मार्ग.

कॅरिबियनच्या एम.डी.चं विचारलंस. तिथे सईला पाठवू नकोस. नावापुढे एम.डी. लागेल, पण निवडीच्या वेळी ती परदेशी पदवीधर धरली जाईल. अशा अमेरिकी नागरिकांपैकी २०२५ मध्ये अडुसष्ट टक्क्यांच्या आसपास मॅच झाले, आणि वाटेत गळालेली मुलं त्या हिशेबात नाहीतच. डी.ओ.ची जागा हातात असताना दोन अक्षरांसाठी हा जुगार कशाला? एक वर्ष थांबून पुन्हा एम.डी.साठी अर्ज करणं तेव्हाच, जेव्हा एमकॅटचे (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचे) गुण खरोखर वाढवता येतील. ५०६ वरून ५०८ झाल्याने काही हलत नाही, आणि मिळालेली जागा नाकारल्याची नोंद त्या कॉलेजकडे राहते.

पैशांचं लवकर बघ. १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना सरकारी कर्ज वर्षाला पन्नास हजार आणि एकूण दोन लाख डॉलरपर्यंतच मिळेल. खाजगी डी.ओ. कॉलेजची नुसती फीच बऱ्याचदा त्याहून जास्त असते, वर राहणं-खाणं. वरची रक्कम खाजगी कर्जातून काढावी लागेल आणि त्यावर बहुधा तुझी सही लागेल. व्याज ठरलेलं आहे की बदलतं, आणि रेसिडेन्सीत हप्ते थांबतात का, हे सही करण्याआधी वाच.

काकूंना सांग, नात डॉक्टर होतेय. आणि सईला सांग, दोन्ही कॉलेजांनी दिलेली तिसऱ्या वर्षाच्या रुग्णालयांची यादी मला पाठव. मिशिगन आणि ओहायोतली बरीच मला माहीत आहेत, कुठे काम करायला मिळतं आणि कुठे नुसतं उभं राहावं लागतं ते एकेका नावापुढे लिहून परत पाठवतो. अनामत भरायच्या तारखेआधी पाठव म्हणावं.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश