सूचना : शनिवारी 'हिद्रोझागात्का', साडेसहा वाजता

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या शनिवारी नेहमीच्या हॉलमध्ये आंद्जेय कोंद्रात्युक यांचा १९७० सालचा पोलिश विनोदी चित्रपट 'हिद्रोझागात्का' दाखवणार आहोत. टीव्हीसाठी काढलेला, जेमतेम सव्वा तासाचा. वॉर्सा उकाड्याने हैराण झालंय आणि शहरातलं पाणी गायब होतंय. छडा लावायला धावतो 'आस' हा सुपरहीरो, एरवी साधा नोकरदार यान वाल्चाक. पाणीचोरीत खलनायक डॉक्टर प्लामाचा साथीदार कोण, तर काबूरचा महाराजा! अमेरिकी कॉमिक्सची टर उडवताना चित्रपट सरकारी उपदेशबाजीलाही चिमटे काढतो. आस गुंडांना बदडताना सदाचाराचे धडेही देतो. संग्राहकांचा जीव अडकतो तो या अफलातून मिश्रणात, आणि माझ्या मते तो रास्त आहे.

डीव्हीडी पोलंडहून मागवणाऱ्यांनी जपून. डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल, ते तिच्या 'रीजन' क्रमांकावर ठरतं. तिकडची डिस्क सहसा रीजन २ ची, आपल्याकडचे प्लेअर रीजन ५ चे; सगळे रीजन चालवणारा प्लेअर लागेल. इंग्रजी सबटायटल्स आहेत का, हे पैसे भरण्याआधी विक्रेत्याला विचारा.

जुनी पोलिश पोस्टरं असतील तर जरूर आणा, पण गुंडाळी करून. घडी पडली की कागद तिथेच फाटतो.

येणार असाल तर गुरुवारपर्यंत कळवा, खुर्च्या सांगायच्या आहेत.