मावशी, तुम्ही मला भांडू दिलंत

प्रिय मावशी,
सलाम.

समोर बसून आभार मानायला गेले तर 'पुरे गं, चहा टाक' म्हणून तुम्ही मला उठवाल. म्हणून हे असं चारचौघांत लिहितेय.

माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा घरात माणूस मावत नव्हतं. सगळी मायेपोटीच आलेली, पण जो तो एकच सांगे: देवाची इच्छा, देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात. मी मान डोलवायची आणि आतून धुमसायची. आम्हाला नको होती का चांगली माणसं? दफनविधीत सगळे गात होते, माझ्या तोंडून शब्द फुटेना. त्यावरही कुजबूज झालीच.

तुम्ही आलात त्या पिठलं-भाकरीचा डबा घेऊन. आईला दोन घास खायला लावलेत, मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करायची असते याची ह्यांना आठवण दिलीत, आणि मग रबर लावलेलं ते जाड बायबल काढलंत. मला वाटलं, झालं, आता पुनरुत्थानावर प्रवचन! तुम्ही योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय उघडून माझ्याच हातात दिलात. लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेले. त्याची बहीण मार्था येशूला सामोरी जाते आणि म्हणते, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. मागून दुसरी बहीण मरिया येते, तिचंही तेच. (घरात दोघी चार दिवस हेच बोलत असणार, हे तुमचं म्हणणं.) 'बघ, रागावला का तो?' नाही रागावला. लाजराला आपण मेलेल्यांतून उठवणार हे त्याला ठाऊक होतं, तरी आधी रडला.

मग स्तोत्र 88 दाखवलंत. विलापाची बहुतेक स्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात, हे मात्र काळोखातच संपतं. तेही पवित्र शास्त्रातच आहे, कोणी गाळलेलं नाही. त्या रात्री मी देवाशी कडाकडा भांडले. भांडण अजून मिटलेलं नाही, पण आमचं बोलणं बंद नाही.

एकदा कबरीवरून परतताना तुम्ही जेकब वेनराइटची गोष्ट सांगितलीत. लहानपणीच घरापासून तोडलेला, गुलामीतून सुटून आपल्या नाशकात, शरणपूरला शिकलेला आफ्रिकी मुलगा. 1873 मध्ये मिशनरी आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारले, तेव्हा दफनाची प्रार्थना त्याने वाचली. शरणपूर रोडवरून आम्ही रोज स्कूटर दामटतो, पण हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

नाताळात यंदा करंज्या नाहीत, असं आईने ठरवून टाकलं होतं. तुम्ही सारण घेऊनच दारात उभ्या. कातणं नेहमी धाकट्याकडे असायचं. ते तुम्ही त्याच्या लेकीच्या हातात दिलंत. कडा वेड्यावाकड्या, दोन तर तेलात फुटल्या, सारण सगळं कढईत! आई हसली. बऱ्याच दिवसांनी.

मंडळीतल्या त्या ताईंचे मिस्टर गेल्या आठवड्यात गेले. रविवारी उपासनेनंतर त्यांच्याकडे जायचं म्हणालात ना, मी येते. भाकरी मी करून आणीन. वाचायचं मात्र तुम्हीच, माझा आवाज अजून मार्थापाशीच अडकतो.

तुमचीच,
धाकट्याची ताई