दाभोळला निघालेल्या खालांना

प्रिय खाला,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही आणि मामू पुढच्या महिन्यात मस्कतचा संसार आवरून कायमचे दाभोळला निघालात. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, नाहीतर उठून चहा टाकायला जाता. म्हणून लिहून काढते आहे. आणि चारचौघांत लिहिते आहे, कारण गल्फमध्ये नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबांना कळावं की वरच्या मजल्यावर अशी एखादी बाई असू शकते. तिची बेल वाजवायला अजिबात लाजू नये.

गेल्या सप्टेंबरात आम्ही वसईहून इथे आलो तेव्हाची धावपळ तुम्हाला आठवत असेल. रेसिडेंट कार्ड, शाळा, गॅस, ह्यांचं लायसन्स, सगळ्यात मामू बरोबर होते. त्याबद्दल एका वाक्यात लिहिते आहे म्हणून ते थोडं होतं असं नाही. पण ती कामं उशिरा का होईना, कशीतरी झालीच असती. तुमच्याशिवाय जे झालंच नसतं, त्याबद्दल मला लिहायचं आहे.

पहिल्याच शुक्रवारी तुम्ही मला मत्राहच्या मासळी बाजारात नेलंत. मी वसईची, मासळी मला कुणी शिकवावी असं वाटत नव्हतं. सुरमई शोधत होते, तर ती कुठेच नाही. तुम्ही सांगितलंत, १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर ओमानमध्ये सुरमई पकडायलाच बंदी असते, तिची वाढ व्हावी म्हणून. मग ठरलेल्या म्हाताऱ्या कोळ्यापाशी थांबलात. आधी त्याच्या गुडघ्याची चौकशी, मग नातवाची, आणि त्यानंतर कुठे कल्ला उचलून बघितलात. भाव काही विचारला नाहीत. त्याने आपणहून दोन बांगडे वर टाकले आणि माझ्याकडे बघून ही कोण म्हणून विचारलं. तुम्ही म्हणालात, 'बिन्ती.' माझी मुलगी. ओळख होऊन आठवडासुद्धा झाला नव्हता हो खाला.

त्या दिवशी परत येताना तुम्ही मला तुमचा नियम सांगितलात. 'बाय, आधी घर बघ, मग गाव.' कुठेही जायचं तर तिथे आपलं कोण आहे ते आधी शोधायचं, फोन करायचा, हातात काहीतरी घेऊन जायचं, आणि त्यांच्याकडे बसून झालं की मग किल्ला, समुद्र, वाळवंट काय ते. आमचं सगळं वर्ष ह्या नियमाने गेलं. तुमच्या जुन्या डायरीत जवळपास प्रत्येक गावाचं एक पान आहे आणि त्या पानावर कुणाचं तरी घर आहे.

हिवाळ्यात ह्यांच्या कंपनीने पगार लांबवले. आम्ही कुणाला बोललो नव्हतो. पण धाकटीच्या हातून तांदळाच्या भाकऱ्या वर-खाली जायला लागल्या, सोबत नारळाच्या दुधातलं सालन, रविवारी सांदण. एकदाही तुम्ही 'का' म्हणून विचारलं नाहीत. इथे हवा सुंदर असण्याचे तेच महिने, आणि आम्ही दार लावून बसलेलो. एका गुरुवारी रात्री मामू खाली आले आणि म्हणाले, 'घरात बसून पगार लवकर येत नाही. उद्या पहाटे निझवा. पेट्रोल माझं, पोहे तुमचे.'

ती पहाट माझ्या मुलांना जन्मभर पुरेल. दीडेकशे किलोमीटर अंतर, दोन्ही बाजूंना उघडेबोडके डोंगर, आणि निझव्यात शिरताच खजुराची हिरवी झाडी. शुक्रवारी सकाळी तिथे बकऱ्यांचा बाजार भरतो. मधल्या ओट्याभोवती लोक गोल बसतात, विकणारे दोरी धरून बकरी फिरवत राहतात, आवडली की हाक मारून थांबवायची, दात बघायचे, बोली बोलायची. थोरला पुढे जाऊन बसला, तर शेजारच्या आजोबांनी त्याच्या हातात खजूर दिले आणि बकरीचं वय कसं ओळखायचं ते खुणांनी शिकवलं. सतराव्या शतकातला तो गोल बुरुजाचा किल्ला आम्ही बघितला, पण दुपारी. आधी मामूंच्या जुन्या सहकाऱ्याचं घर. तिथे मी पहिल्यांदा काहवा, म्हणजे अरबी कॉफी, प्यायले. फिंजानात, म्हणजे छोट्या पेल्यात, दोन घोट ओततात आणि संपला की लगेच पुन्हा भरतात. नको असेल तर रिकामा पेला हातातल्या हातात हलवून दाखवायचा. हे तुम्ही मला डोळ्यांनी सांगितलंत, तोवर माझे बरेच पेले झाले होते!

त्याच घरच्या आजोबांनी सांगितलं की त्यांच्या तरुणपणी, १९७० पर्यंत, इथे भारतीय रुपया चालायचा, रिझर्व्ह बँकेने खास ह्या भागासाठी छापलेला. कपाटातून एक नोट काढून त्यांनी मुलांच्या हातात दिली. गल्फमध्ये आपण पाहुणे आहोत हे आम्ही निघतानाच मनाशी पक्कं करून आलो होतो. त्या नोटेने मुलांना वेगळंच काही सांगितलं, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. मामूंनी त्यावर कडी केली. जुन्या मस्कतमध्ये जलाली आणि मिरानी किल्ल्यांसमोर उभं करून ते मुलांना म्हणाले, 'तुमच्या वसईत जे फिरंगी होते, तेच इथेही होते.' पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कने १५०७ मध्ये मस्कत घेतलं आणि १५१० मध्ये गोवा. ओमानींनी त्यांना १६५० मध्ये मस्कतमधून घालवलं. वसईला चिमाजी आप्पांची वाट १७३९ पर्यंत बघावी लागली. वसईच्या किल्ल्यात लपाछपी खेळलेली माझी पोरं हे ऐकून कितीतरी वेळ त्या तटबंदीकडे बघत राहिली.

मग रमजान आला. रोज संध्याकाळी अजान व्हायच्या आधी तुमच्या घरून ताट यायचं, आणि आमच्याकडचं काहीतरी वर जायचं. साबुदाण्याची खिचडी इफ्तारला आवडीने खाल्ली जाते हे मला तुमच्या सुनेमुळे कळलं.

ईदला तुम्ही आम्हाला निझव्याच्या त्या कुटुंबाच्या गावी घेऊन गेलात. शुवाबद्दल, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यात शिजवलेल्या मांसाबद्दल, मी ऐकलं होतं, पण ते काय असतं ते बघितल्याशिवाय कळत नाही. आदल्या दिवशी बायका अंगणात बसून मसाला लावत होत्या. लसूण, धणे, जिरं, वेलची, लवंग, सुकी मिरची, सगळं सिरक्यात वाटलेलं. मला वाटलं होतं मी बाजूला बसून बघेन. तुम्ही माझ्या बाह्या वर सारल्यात आणि परात पुढे ढकललीत. मांसाच्या मोठमोठ्या तुकड्यांत मसाला चोळायचा, केळीच्या पानात गुंडाळायचं, वरून खजुराच्या झावळ्यांच्या विणलेल्या पिशवीत भरून तोंड शिवायचं. गावाचा खड्डा एकच, त्यामुळे प्रत्येक घर आपल्या पिशवीला तारेने खूण करतं. खाली निखारे लाल झाले की पुरुष एका दमात सगळ्या पिशव्या आत टाकतात, झाकण ठेवतात आणि कडेने माती लिंपतात, वाफ कुठूनही जाता कामा नये. मग ते विसरून जायचं. तोवर अरसिया खायची, भात आणि मांस घोटून केलेली, आणि घरोघर सलाम करत फिरायचं. खड्डा उघडला तेव्हा सगळं गाव तिथे होतं. पिशव्या वर येत होत्या, काळ्या पडलेल्या, आणि जो तो आपली तार शोधत होता. आमच्या पिशवीला धाकटीची लाल रिबन बांधलेली. यजमानीणबाईंनी ती मुद्दाम बांधायला लावली होती. बोटांनी सुटणारं ते मांस भाताच्या मोठ्या थाळीभोवती बसून खाताना कुणी आम्हाला परकं समजलं नाही. माझ्या सासूबाई शाकाहारी आहेत हे तुम्ही आधीच कळवलं होतंत. त्यांच्यासाठी वेगळ्या भांड्यात डाळ, रोटी आणि हलवा होता, केशर-गुलाबपाणी घातलेला, अजून कोमट. त्या घरी काय खातील ह्या काळजीने मी रात्रभर जागी होते. तुम्ही ती काळजी माझ्याआधीच करून ठेवली होतीत.

एप्रिलमध्ये जबल अखदरचा डोंगर. बिरकत अल मौजच्या चौकीवरून फोर-व्हील गाडीशिवाय वर सोडत नाहीत, म्हणून मामूंनी भाच्याची गाडी आणली. दोन हजार मीटरवर गुलाबाची पायऱ्यापायऱ्यांची शेती, आणि पहाटे खुडलेल्या पाकळ्या मातीच्या भट्टीवर. पाकळ्यांच्या भांड्यात आत छोटी वाटी, वर थंड पाण्याचं भांडं. वाफ वर लागून वाटीत थेंब थेंब उतरते. ते गुलाबपाणी तपकिरी असतं आणि त्याला धुराचा वास येतो. तुम्ही घेऊन दिलेली बाटली गणपतीच्या खिरीत वापरली. सगळ्यांनी विचारलं, आज काय वेगळं घातलंस?

सुरला जहाजं बांधणाऱ्यांचं घर, रास अल जिन्झला रात्री अंडी घालायला आलेली कासवं, हेही तुमच्या डायरीतूनच. त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल.

पण दक्षिण ओमानमधल्या सलालाचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. ऑगस्टमध्ये मस्कत भाजत असताना आम्ही हजारेक किलोमीटर वाळवंट कापून गेलो. शेवटच्या घाटावर धुकं सुरू झालं, काचेवर भुरभुर, आणि समोर हिरवेगार डोंगर. सासूबाईंनी गाडी थांबवायला लावली. उतरून त्या रस्त्याच्या कडेला पावसात उभ्या राहिल्या. वसई सोडल्यापासून त्यांचा पाऊस राहिला होता. रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर शहाळी आणि केळी टांगलेली. तुमच्या भाचीने तिच्या घरी आम्हाला मुक्कामाला ठेवून घेतलं. तिचे सासरे आम्हाला वादी दवका बघायला घेऊन गेले. तिथे सालीवर चीर देऊन लुबानच्या, म्हणजे फ्रँकिन्सेन्स धुपाच्या, झाडांचा चीक कसा काढतात, तो वाळून खडे कसे होतात, ते त्यांनी दाखवलं. हिरवट झाक असलेला, नितळ खडा सगळ्यात चांगला, हे त्यांनी सांगितलं. आता रोज संध्याकाळी देवापुढे तोच जळतो.

खाला, परदेशात आलं की माणूस ठरावीक चार घरांत वर्षं काढतो. आपली भाषा, आपले सण, आपलाच व्हॉट्सअॅप ग्रुप. त्यात वाईट काही नाही, आम्हालाही त्याचा आधार आहे. पण तुम्ही नसतात तर आम्ही तिथेच थांबलो असतो. चाळीतल्यासारखं वर-खाली करत तुम्ही आम्हाला एका आख्ख्या देशात नेऊन सोडलंत. आज निझव्याच्या आजोबांचा फोन आमच्या घरी येतो, मत्राहचा कोळी मला मुलांची नावं घेऊन हाक मारतो.

तुम्ही निघताना ती डायरी माझ्याकडे ठेवते म्हणालात. मी ती नीट उतरवून घेते आहे, जुने नंबर एकेक लावून बघते आहे. ज्यांचे बदललेत त्यांचे नवे मिळवते आहे. खालच्या मजल्यावर नुकतं एक जोडपं आलंय, चिपळूणकडचं, मुलगी वर्षाची आहे. शुक्रवारी त्यांना मत्राहला घेऊन जाणार आहे. सुरमईची बंदी अजून उठलेली नाही, म्हणून बांगडेच घेऊ.

डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही वसईला येतोय. तिथून दाभोळला. मामूंना सांगून ठेवा, थोरल्याला खाडीत गळ टाकायचा आहे. निझव्याहून तुमच्यासाठी खजुराचा डबा आलाय, तो सामानात बसतो का बघा. नाहीतर मी घेऊन येते.

तुमची लेक,
पहिल्या मजल्यावरची