पक्या, इथले दगडी वाडे बघून तुझी आठवण आली

प्रिय पक्या,

फोनवर अर्धवट राहिलं ते लिहूनच पाठवतोय. गेल्या रविवारी आम्ही इथे अमेरिकेत, कॅन्ससमधल्या विचिटाहून दीडेक तास ड्राइव्ह करून स्ट्राँग सिटीच्या पुढे स्प्रिंग हिल रँच बघायला गेलो. चहूकडे नुसतं गवत आणि मध्येच टेकडीच्या उतारावर पिवळट चुनखडीच्या दगडाचं तीन मजली बार्न, ११० फूट लांब, ६० फूट रुंद, १८८१ चं! आपल्याकडे गोठा म्हणतो रे त्याला, पण हा गोठा बघून मी गप्पच झालो. भिंतीवरून हात फिरवला तर छिन्नीचे घाव अजून लागतात हाताला.

स्टीफन जोन्स नावाच्या गुरंवाल्याने हे सगळं बांधलं, राहायचं घरही दगडी, कोंबड्यांचं खुराडं दगडी, इतकंच काय संडासही दगडी! दगड आणायला लांब जायलाच नको, या फ्लिंट हिल्समध्ये वीतभर मातीखाली चुनखडी आणि गारगोटीच आहे, नांगर चालतच नाही, म्हणून तर बाकी सगळीकडचं उंच गवत शेतीखाली गेलं आणि इथलं राहिलं, ज्या दगडाला शेतकऱ्यांनी शिव्या घातल्या असतील त्यानेच ते राखलं बघ. आता १९९६ पासून हे सगळं राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र आहे, २००९ मध्ये बायसनसुद्धा परत आणलेत. माणसं मात्र परत आली नाहीत, ही जमीन मुळात कॉ (Kaw) या इथल्या मूळनिवासी लोकांची, त्यांना १८७३ मध्ये ओक्लाहोमात हलवलं, म्हणजे बार्नच्या जेमतेम आठ वर्षं आधी. ते कळल्यावर त्या सुंदर भिंतीसमोर उभं राहताना पोटात कसंतरी झालं, खरं सांगतो.

आणि तुला मुद्दाम लिहायचं कारण म्हणजे गडगे! अगदी तुमच्या कोकणातल्यासारखे, चुना नाही सिमेंट नाही, दगडावर दगड रचलेलं कुंपण, मैलोन्‌मैल. १८६७ च्या कायद्याने साडेचार फूट उंच गडगा घातला की दर साडेसोळा फुटांना ४० सेंट मिळायचे. एके ठिकाणी ढासळलेला होता, आतली बारीक दगडांची भर दिसत होती, तेव्हा पावसाळ्यानंतर गडगा परत रचणारे काका डोळ्यांसमोर आले.

काकांना विचार ना, जांभ्याच्या गडग्यात आत अशीच भर घालतात का. आणि त्यांचा गडग्यापाशी उभा राहून एक फोटो पाठव.

तुझा,
विन्या